बदलीवर आलेल्यांची मुलं आणि पोटासाठी आलेल्यांची मुलं

ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं नाशिक जिल्ह्यात आली. कुणी केरळचं, कुणी बंगालचं, कुणी उत्तर प्रदेशचं. घरात मराठीचा एक शब्द नाही, नातेवाईक हजार किलोमीटरवर. पण त्यांची मुलं वसाहतीतल्या शाळेत गेली, खेळता खेळता मराठी शिकली, आणि पुढे अभियंता झाली, डॉक्टर झाली, बँकेत लागली. या कारखान्यातल्या, म्हणजे एचएएलमधल्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कुणा नायर किंवा मुखर्जी कुटुंबाला नाशिकमध्ये ‘परप्रांतीय’ म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

ओझरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर सातपूर आणि अंबड, नाशिकच्या औद्योगिक वसाहती. श्रमिकनगर, अशोकनगर, चुंचाळे, लिंक रोड. इथेही बाहेरून आलेलीच माणसं राहतात: जौनपूरची, आझमगढची, गोरखपूरची, मधुबनीची. त्यातल्या कित्येकांना इथे पंचवीस-तीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा जन्माने नाशिककर आहे, गोदाघाटावर पोहलेला आहे, मराठीत भांडतो. आणि तरी आठवी-नववीला त्याची शाळा सुटते. मग तो बापाच्याच ठेकेदाराकडे, बापाच्याच पगारावर, हेल्पर म्हणून उभा राहतो. मुलगी असेल तर तिची शाळा त्याहून आधी सुटते, कारण आई-वडील दोघं कामावर गेल्यावर धाकट्यांना सांभाळायला घरात दुसरं कुणी नसतं.

स्थलांतरितांची मुलं मोठेपणी कुठे पोहोचतात, याची चर्चा आपल्याकडे नेहमी त्यांच्या मूळ मुलखाभोवती फिरते. तिकडचे लोक शिकत नाहीत, त्यांना लवकर कमवायचं असतं, त्यांची संस्कृतीच तशी, असं सहज बोललं जातं. ओझर आणि सातपूर शेजारी शेजारी ठेवले की हे टिकत नाही. मूळ मुलूख बऱ्याचदा एकच आहे. फरक आहे तो इथे आल्यावर मिळालेल्या गोष्टींत. ओझरच्या बापाला क्वार्टर मिळालं, म्हणजे कायमचा पत्ता मिळाला. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार मिळाला. आणि मुलासाठी शाळा आधीच बांधून तयार होती.

त्या शाळेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली सुरू झाली ती कशासाठी? केंद्र सरकारच्या, विशेषतः लष्करातल्या कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात, मुलांची शाळा मध्येच तुटते, भाषा बदलते, अभ्यासक्रम बदलतो, म्हणून. देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानाची बदली पठाणकोटला झाली तरी त्याच्या मुलीला तिथे तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तकं मिळावीत, यासाठी. देवळालीत अशी शाळा आहे, नाशिकरोडला आहे, ओझरला आहे. म्हणजे फिरत्या आई-बापांच्या मुलांचं शिक्षण अखंड कसं ठेवायचं, हा प्रश्न या देशाने साठ वर्षांपूर्वी ओळखला आणि उत्तम रीतीने सोडवला. सोडवला तो बदलीच्या हुकमावर फिरणाऱ्यांपुरता. दुष्काळाच्या, कर्जाच्या, भुकेच्या हुकमावर फिरणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्या मुलांना आपण सांगतो की तुमची अडचण तुमच्या आई-बापांमुळे आहे.

मला इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबातलं मूल मोठेपणी कुठे असेल, हे त्याच्या आजोबांच्या गावापेक्षा जास्त आपल्या शहराच्या वागणुकीवर ठरतं. त्याला कोणत्या वयात आत घेतलं, किती काळ आत ठेवलं, आणि शिकून बाहेर पडल्यावर कारखान्याच्या दारात त्याच्याशी कसं वागलं, यावर.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. जगात या प्रश्नावर भरपूर काम झालं आहे. अमेरिकेत रॅन अब्रामित्झ्की आणि लेआ बूस्तान या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह जुन्या जनगणनांच्या नोंदी जोडून लाखो बाप-लेकांचा माग काढला. १८८० च्या पिढीपासून आजच्या पिढीपर्यंत. शंभर कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीने उभी केली, तर पंचविसाव्या जागेवरच्या दोन घरांची तुलना त्यांनी केली: एक स्थलांतरिताचं, एक तिथेच जन्मलेल्याचं. जवळपास प्रत्येक देशातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं मोठेपणी स्थानिकांच्या मुलांपेक्षा वर गेलेली दिसली. बाप कोणत्या देशातून आला, याने फारसा फरक पडला नाही. शंभर वर्षांपूर्वी इटालियन आणि आयरिश लोकांबद्दल ‘हे कधी सुधारायचे नाहीत’ असं बोललं जाई, आज मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांबद्दल बोललं जातं. मुलं दोन्ही वेळा वर चढली.

या संशोधकांनी दिलेली कारणं आपल्याला जवळची वाटावीत अशी आहेत. पहिलं असं की, गाव सोडलेला माणूस जिथे काम आणि पुढची संधी आहे तिथेच जाऊन राहतो, त्यामुळे मुलं आपोआप संधीच्या जागी वाढतात. दुसरं म्हणजे बापाची कमाई त्याच्या कुवतीपेक्षा कमी असते. भाषा येत नाही, ओळखी नाहीत, म्हणून तो खालच्या कामावर लागतो, पण त्याची बुद्धी, हात आणि जिद्द घरात मुलांपर्यंत पोहोचतेच. अंबडला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन बघा. कागदावर हेल्पर असलेला माणूस वेल्डिंग असं करतो की सुपरवायझर त्यालाच हाक मारतो. त्याच्या मुलाला ‘अशिक्षित बिगाऱ्याचा पोरगा’ समजणं हे अज्ञान आहे.

पण अमेरिकेचं उदाहरण घेऊन ‘मुलं आपोआप वर येतात’ असा निष्कर्ष काढून मोकळं होता येत नाही. तिथे बारावीपर्यंतची सरकारी शाळा फुकट आहे, आणि तिथे जन्मलेल्या मुलाला १८६८ च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकत्व आहे. शाळेची वाट मध्येच अरुंद झाली आणि नागरिकत्वही नसलं तर काय होतं, ते जर्मनीने करून दाखवलं.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं गेलं, म्हणजे काम संपलं की जाणारे. १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण माणसं गेली नाहीत. बायका-मुलं आली, नवी मुलं तिथे जन्मली. ही मुलं परत जाणार असं धरूनच शाळांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यात जर्मन राज्यांत बहुतेक ठिकाणी चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांची वाटणी होते: कोण विद्यापीठाच्या वाटेने जाणार आणि कोण कारागिरीच्या. घरात तुर्की बोलणाऱ्या, बालवाडी न पाहिलेल्या मुलाला जर्मन नीट यायच्या आत निकाल लागून जाई. पुढे मॉरिस क्रूल या डच समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या अनेक शहरांतल्या तुर्की कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीची तुलना केली. आई-बाप सारखेच, अल्पशिक्षित, खेड्यातून आलेले. तरी स्वीडन आणि फ्रान्समध्ये वाढलेल्या मुलांपैकी उच्च शिक्षणापर्यंत गेलेल्यांचं प्रमाण जर्मनीपेक्षा बरंच जास्त निघालं. फ्रान्समध्ये मूल तिसऱ्या वर्षीच बालशाळेत जातं आणि वाटणी उशिरा होते, हे त्यातलं मोठं कारण.

तुर्की रक्तात काही वेगळं नव्हतं. वेगळं होतं ते शाळेचं वेळापत्रक.

जर्मनीने नंतर कायदा बदलला. १ जानेवारी २००० पासून, आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहत असतील तर तिथे जन्मलेल्या मुलाला जन्मतःच नागरिकत्व मिळू लागलं. क्रिस्टिना फेल्फे आणि सहकाऱ्यांनी या बदलाच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची तुलना केली. नंतरची मुलं बालवाडीत जास्त प्रमाणात गेली, आणि पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेतही जास्त पोहोचली. घरं तशीच, भाषा तीच, बापाचं कामही तेच. हातात एक कागद आला आणि आई-बापांनी ठरवलं की हे मूल इथलंच होणार आहे, तर याच्यावर इथे खर्च करू.

कागदाचं हे मोल नाशिकमध्ये राहणाऱ्याला नव्याने समजावून सांगायला नको. आपण एकाच देशाचे नागरिक आहोत, पाटण्याहून नाशिकला यायला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण शिकण्या-कमावण्याच्या प्रत्येक पायरीवर वेगळा कागद लागतो. महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला हवा तर पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा कसला? भाडेकराराचा, वीजबिलाचा, शाळेच्या दाखल्याचा. लिंक रोडच्या पत्र्याच्या खोलीचा मालक भाडेकरार करून देत नाही. करून दिला तर अकरा महिन्यांचा, आणि पुढच्या अकरा महिन्यांत कुटुंब दुसऱ्या खोलीत. वीज मालकाच्या नावावर. वीस वर्षं राहूनही राहिल्याचा पुरावा नाही, अशी शेकडो कुटुंबं या पट्ट्यात भेटतील. आणि सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ऐंशी टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असं राज्याचं धोरण आहे, त्यात स्थानिक कोण हे हाच अधिवास ठरवतो. त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयच्या दारासमोर जन्मलेला, नाशिकमध्ये वाढलेला मुलगा कागदावर बाहेरचा राहतो.

दलित आणि आदिवासी कुटुंबांचं दुखणं त्याहून खोल आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीतला एक मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईत आलेला, वैद्यकीय प्रवेशासाठी राखीव जागा मागायला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० मध्ये घटनापीठाने निकाल दिला: जातीची यादी राज्यानुसार असते, म्हणून एका राज्याचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. तेव्हापासून कायदा तोच आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला हवा तर कुटुंब १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. राज्याराज्यांतल्या याद्या वेगळ्या का, याला कारणं आहेत आणि मी ती नाकारत नाही. पण गावात ज्याच्या आजोबांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्या घराने १९९५ मध्ये गाव सोडलं म्हणून त्याचं मागासलेपण इटारसी स्टेशनवर उतरून गेलं, असं तर कुणी म्हणणार नाही. त्याचा दाखला केंद्राच्या संस्थांत चालतो, महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. अशा घरात बारावीनंतरची फी कुठून येणार? काळाराम मंदिरासमोर १९३० साली सत्याग्रह झालेल्या या शहराला हा प्रश्न परका वाटू नये.

आता कुणी म्हणेल की हे सगळं परप्रांतीयांचं रडगाणं झालं, आधी आपल्यांचं बघा. अगदी बघू या.

दिवाळीच्या आसपास द्राक्षाची गोडी छाटणी उरकली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांकडे निघतात. गिरणाऱ्याच्या बाजारात पहाटे जीपा भरतात. डिपिंग, विरळणी, मग काढणी, असं मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. काही रोज येऊन-जाऊन करतात, काही बागेतच खोपट बांधून राहतात, मुलांसकट. कोकणा आणि महादेव कोळी समाजाची ही मुलं जिल्ह्यातलीच आहेत. त्यांचा जातीचा दाखला चालतो, अधिवास चालतो. तरी शाळेचं दुसरं सत्र दरवर्षी त्यांच्या हातून जातं, आणि पाचवीच्या पुढे अभ्यास असा मागे पडतो की मूल स्वतःच शाळेला कंटाळतं. अशा मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक काढलं आहे. मूल हंगामात दुसऱ्या गावी गेलं की हे पत्रक दाखवून तिथल्या शाळेत बसावं, परत आलं की आपल्या शाळेत. कल्पना फार चांगली आहे. पण आईच्या पिशवीत ते पत्रक आहे का, आणि निफाड तालुक्यातल्या शाळेला जानेवारीत आलेली आठ नवी मुलं हवी आहेत का, इथे सगळं अडतं. म्हणजे परप्रांताचा मुद्दा पूर्ण बाजूला ठेवला तरी मुलाचं नुकसान जसंच्या तसं उरतं. अडचण मुलाच्या मुलखात असती तर पेठच्या मुलाला ती आली नसती.

उलट बाजूचं उदाहरणही घरातलंच आहे. नाशिकची सिडको वसाहत. सत्तर-ऐंशीच्या दशकात सातपूर-अंबडला कारखाने वाढले तेव्हा खानदेशातून, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून माणसांचे लोंढे आले. आमचं घर त्यातलंच. घरात अहिराणी, वर्गात तिची टिंगल. ‘खानदेशी’ हा शब्द तेव्हा शहरात फार प्रेमाने उच्चारला जात नसे. पण वडिलांच्या पिढीला दोन गोष्टी मिळाल्या. सिडकोने हप्त्यावर छोटी घरं दिली, आणि मोठ्या कारखान्यांत कायम नोकऱ्या होत्या. पत्ता स्थिर झाला, पगार स्थिर झाला, आणि शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आल्या. एका पिढीत त्या घरांतून अभियंते, वकील, नगरसेवक निघाले. आज त्याच सिडकोतली काही माणसं शेजारच्या चुंचाळ्यातल्या मुलांबद्दल जे बोलतात, ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. आपण वर आलो ते आपल्या कष्टाने, हे खरंच आहे. पण कष्ट चुंचाळ्यातही कमी नाहीत.

नुसता काळ जाऊ दिला की सगळं जमून येतं, असंही कुणी समजू नये. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर मालेगावात आले. किती पिढ्या झाल्या. ज्या घरांच्या जवळ शाळा-महाविद्यालयं उभी राहिली आणि मुलांना तिथपर्यंत जाऊ दिलं गेलं, त्या घरांतून डॉक्टर आणि शिक्षक झाले. जी घरं मागाच्या खोलीबाहेर पडूच शकली नाहीत, तिथे पणतूही यंत्रमागावरच उभा आहे.

मराठीच्या भवितव्याची काळजी करणाऱ्यांना मला वेगळं सांगायचं आहे, कारण ती काळजी मलाही आहे. हॉइट ब्लीकली आणि एमी चिन या संशोधकांनी अमेरिकेच्या जनगणनेतून दाखवलं की, साधारण आठ-नऊ वर्षांच्या आत आलेलं मूल नवी भाषा तिथल्या मुलांसारखीच बोलू लागतं. त्यापुढे जसजसं वय वाढतं तसतशी भाषा कच्ची राहते, आणि मोठेपणी त्याचा फटका शिक्षणाला आणि पगाराला बसतो. म्हणजे मराठी रुजवायची असेल तर तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत, सहाव्या वर्षी महापालिकेच्या मराठी शाळेत. महाराष्ट्राने २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, ते योग्यच केलं. पण सहावीत बिहारहून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी मराठीचा धडा वाचायला उभं करून वर्गाला हसू देणं म्हणजे मराठी शिकवणं नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात अशा मुलासाठी वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, नियमांनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. पाचव्या कलमात स्पष्ट आहे की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. चौदाव्यात आहे की वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. तरी ‘आधी टीसी आणा’ हे वाक्य बापाने ऐकलं नाही असं वर्ष जात नाही. टीसी आणायला गावी जाणं म्हणजे आठवड्याची मजुरी बुडवणं. बाप जात नाही, मूल घरी राहतं.

केरळमधल्या एर्नाकुळम जिल्ह्याने २०१७ पासून ‘रोशनी’ नावाचा उपक्रम चालवला. सरकारी शाळांत हिंदी, बंगाली, उडिया जाणणाऱ्या शिक्षिका नेमल्या, मुलाच्या भाषेतून सुरुवात करून त्याला मल्याळमपर्यंत आणलं. त्याच जिल्ह्यात वाढलेली, मूळ बिहारची, रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या बापाची मुलगी २०२० मध्ये महात्मा गांधी विद्यापीठाच्या इतिहास-पुरातत्त्वाच्या पदवी परीक्षेत पहिली आली. मल्याळमचं त्यात काही नुकसान झालं का? आपल्याकडे पट घटला म्हणून मराठी शाळा बंद पडण्याची भीती आहे, आणि दोन गल्ल्या पलीकडे शाळेत न जाणारी मुलं आहेत. मराठीवर प्रेम असलेल्या माणसाने ती मुलं हाताला धरून त्या बाकांवर आणून बसवावीत.

फेब्रुवारी २००८ मध्ये आपण नेमकं उलट केलं. उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि सातपूर-अंबडमधून हजारो कामगार बायका-पोरांसह गाड्या भरून निघून गेले. शाळेचं वर्ष संपायला दोन महिने होते. ती मुलं कुठल्या वर्गात परत बसली, बसली की नाही, हे कुणी विचारलं नाही. १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक विशेष गाडी सुटली, तेव्हाही डब्यांत मुलं होती. प्रत्येक अशा घटनेनंतर आई-बाप एक धडा घेतात: इथे पक्कं काही नाही, मुलाला गावीच ठेवलेलं बरं. मग मुलगा नववीला गावी पाठवला जातो, दहावी तिकडच्या बोर्डातून देतो, परत येतो तर महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाच्या राज्याच्या जागांसाठी, दहावी-बारावी इथून नसेल तर अधिवासाचा दाखला मागितला जातो, आणि तो घरात नसतो. त्याची वाट तिथे संपते. जर्मनीतल्या तुर्की बापाचंही हेच झालं होतं, परत जायचंय असं धरून मुलाचं दोन्हीकडचं अर्धं अर्धं झालं.

आणि शाळा पार केलेल्या मुलाचं काय? इथे बाहेरच्या देशांचे अनुभव फारसे उत्साहाचे नाहीत. ब्रिटनमध्ये बांगलादेशी कुटुंबांची मुलं एकेकाळी शाळेत तळाला होती, लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सने शाळांवर पैसा आणि मेहनत ओतली आणि ती राष्ट्रीय सरासरीच्या पुढे गेली. पण नोकरीच्या दारात २०१९ च्या ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात दिसलं की, पात्रता तीच ठेवून फक्त नाव बदललं तर अल्पसंख्याक उमेदवाराला तेवढ्याच बोलावण्यांसाठी सुमारे साठ टक्के जास्त अर्ज करावे लागतात. फ्रान्समध्येही शिकलेली दुसरी पिढी बेकारीत जास्त अडकली. या बाबतीत जर्मनी पुढे निघाली, कारण तिथली शिकाऊ उमेदवारी. ज्या तुर्की मुलाला कारखान्यात उमेदवारी मिळाली, त्याला तिथेच नोकरीही मिळाली. मालकाने नावाऐवजी हात पाहिला.

हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक आहे. सातपूर-अंबडमध्ये असे कारखाने भरपूर आहेत. अंबडच्या झोपडपट्टीतल्या महापालिका शाळेतून दहावी झालेल्या मुला-मुलींना आयटीआय आणि मग शेजारच्या कारखान्यात उमेदवारी, अशी साखळी उद्योजकांच्या संघटनांनी ठरवली तर एका वर्षात सुरू होईल. स्थानिक तरुणाची नोकरी जाईल, असं कुणी म्हणेल. श्रमिकनगरात जन्मलेला मुलगा जर स्थानिक नसेल, तर स्थानिक कोण? आणि स्थानिक तरुणाचा पगार खाली येतो तो या मुलाच्या शिक्षणामुळे येत नाही. तो अर्धशिक्षित राहून कंत्राटात स्वस्तात मिळतो म्हणून येतो. शिकलेला, कायम झालेला कामगार कुणाचा भाव पाडत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कामं सुरू आहेत. रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण. त्यावर राबायला बाहेरूनच माणसं आली आहेत आणि आणखी येतील. बांधकाम कामगाराची कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली तर त्याच्या मुलाला पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात, पुढे पदवीपर्यंत मदत मिळते. यात बाप कोणत्या राज्याचा हा प्रश्न नाही. मुख्य अट ही की वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. ठेकेदार तो देत नाही, कारण दिला की मजूर कागदावर येतो. बांधकामाच्या खर्चातला एक टक्का उपकर मात्र मंडळाकडे जमा होत असतो. या कामांचं मालक सरकारच आहे. बिल काढताना कामगारांच्या नोंदणीची यादी जोडलीच पाहिजे, कायद्याने सांगितलं आहे तिथे पाळणाघर उघडलेलं असलंच पाहिजे, आणि मजुरांच्या वस्तीतली तीन ते सहा वर्षांची मुलं जवळच्या अंगणवाडीच्या पटावर आलीच पाहिजेत, एवढ्या तीन अटी निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही. महापालिका आयुक्तांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीवर हे होतं. वस्तीवर जाऊन मुलांची नावं लिहिणारी सेविका प्रत्येक प्रभागात आहे, तिला फक्त ‘ही मुलं किती दिवसांची’ हा प्रश्न विचारू नका असं सांगावं लागेल.